पायानं तोडलेले शब्द

किस्से काही मी मुद्दाम जमवले नाहीत. जमवायला एका जागी बसावं लागतं आणि ते मला जन्मात जमलेलं नाही. पायाला भिंगरी लावूनच आलो, असं आई म्हणायची. पण शर्ट धुवायला टाकताना खिशात जसे खडूचे तुकडे सापडतात, तसे हे किस्से सापडत गेले. परवा बायको म्हणाली, "एकदाचे सगळे बाहेर काढा, तेच तेच मले किती वेळा सांगसान?" म्हणून काढतो.

मी मूळचा नेरचा. गेली काही वर्षं पांढरकवड्याला एका नर्सिंग स्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. मुली आसपासच्या गावांतल्या, तांड्यांवरच्या, कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, सगळ्या मराठी शाळेत शिकलेल्या. बारावीपर्यंत इंग्रजीशी त्यांचा संबंध परीक्षेपुरता. इथे आल्या की पहिल्याच आठवड्यात हातभर लांबीचे शब्द अंगावर येतात. माझं काम एवढंच, की तो शब्द तोडून द्यायचा. कुठे तुटतो, जोर कुठे पडतो आणि कोणत्या तुकड्याचा अर्थ काय.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

*

पहिल्या वर्षी मी फळ्यावर बीपीच्या मशीनचं खरं नाव लिहिलं. स्फिग्मोमॅनोमीटर. मागे वळून पाहिलं तर तीस मुली, आणि तीसही वहीत तोंड घालून बसलेल्या. एकीला उभं केलं. तिनं "स्फि" म्हटलं आणि दम घेतला. दुसरीनं सुरुवात सोडून एकदम "मीटर" म्हटलं आणि बसली.

वर्गात माझ्या येरझाऱ्या सुरूच होत्या, त्या वर्गाबाहेर गेल्या, आणि मी जिन्यापाशी पोचलो. तिथे डोक्यात काय आलं कोण जाणे, मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि ओरडलो, "स्फिग्!" दुसरी पायरी, "मो!" तिसरी, "म!" चौथीवर धाडकन पाय आपटला, "नॉ!" मग हळूच "मि" आणि "टर".

मुली दाराशी येऊन पाहत होत्या. सर वेडे झाले की शिकवून राह्यले, ते ठरायचं होतं. तेवढ्यात राठोडांची पूजा पुढे झाली, ओढणी खोचली आणि सहाच्या सहा पायऱ्या चढून गेली. चौथीवर तिनं असा पाय आपटला की खिडकीची काच थरथरली. मग सगळ्याच चढल्या. दहा मिनिटांत तीस मुलींच्या तोंडी तो शब्द होता.

आमच्या शाळेच्या खाली हमीदभाईंचं टेलरिंगचं दुकान आहे. ते कात्री हातात घेऊनच वर आले. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी शांतपणे जिन्याकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, मसाला कांडाले घेतला का वरते?"

*

तेव्हापासून आमच्याकडे लांब शब्द जिन्यावर होतो. एक तुकडा, एक पायरी. जोराच्या तुकड्यावर पाय आपटायचा. आमच्या प्राचार्या गावंडे मॅडमनी दोन दिवस येता-जाता नुसता जिना पाहिला. तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचं शिकवणं चांगलं हाय. पन जिना पडला तं इन्स्पेक्शनले काय दाखवू? सिलॅबल?"

तडजोड झाली. चपला काढून आपटायचं ठरलं.

*

हमीदभाईंचा किस्सा तर मी किती जणांना सांगितला असेल! त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांचं मशीन जिन्याच्या बरोबर खाली. वरून येणारा प्रत्येक शब्द त्यांच्या डोक्यावर पडतो. एकदा मी मुलींकडून 'ॲनॅटमी' करून घेत होतो. चार पायऱ्या, दुसरीवर जोर. छान जमलं. मग आदल्या दिवशी झालेला 'ॲनटॉमिकल' पुन्हा घेतला. पाच पायऱ्या, आणि मी घाईत पुन्हा दुसरीवरच पाय आपटला.

खालून आवाज आला, "सर, हा बरोबर नाही पडला."

मी खाली वाकून विचारलं, "तुम्हाले काय माहीत?"

"माहीत काई नाही. पन काल तिसऱ्यावर पडलता."

मी कोश काढून पाहिलं. तिसऱ्यावरच होता. मुली तोंडात ओढणी घालून हसत होत्या. मग एकीनं मला खिंडीत गाठलं, "सर, शब्द तोच हाय, मंग जोर काहून सरकला?"

आता याचं उत्तर पुस्तकात आहे, नियम आहेत, शेपटाला हा तुकडा लागला तर जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर, वगैरे. मी ते सांगायला लागलो, सांगता सांगता चालायला लागलो, आणि दोन मिनिटांत कुठे पोचलो ते मलाच कळेना. मुलींचे चेहरे कोरे.

खाली मशीन थांबलं. हमीदभाई म्हणाले, "बेटा, कपडा तोच असते. पन त्याले बाही लावली का खांदा जरासा सरकतेच. नाही सरकवला तं अंगाले बसत नाही."

त्या वर्षी पेपरात तो प्रश्न आला होता. उत्तरपत्रिकांत नियम कोणी लिहिला नाही, सगळ्यांनी शिवणकाम लिहिलं होतं.

*

पूजा राठोडची गंमत वेगळीच. ती तांड्यावरची, बोलायला आगाऊ, आणि तिला तुकड्यांचे अर्थ सापडल्यापासून तर तिला धरायची सोय राहिली नाही. 'आयटिस' म्हणजे सूज हे एकदा कळल्यावर ती दिवसभर लोकांना सूज वाटत फिरत होती.

एकदा मधल्या सुट्टीत तिला तांड्यावरून आईचा फोन आला. आई यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. डॉक्टरनं सांगितलेला शब्द तिनं कसाबसा लक्षात ठेवला होता. पूजानं फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हा सगळ्यांसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "याडी, घाबरू नको, मी तोडून सांगतो तुले. आर्थ्रायटिस. आर्थ्र म्हंजे सांधा. आयटिस म्हंजे सूज. झालं!"

पलीकडून याडी, म्हणजे तिची आई, म्हणाली, "सांधा सुजला, हे तं मीच डॉक्टरले सांगतलं होतं. मंग त्यानं मले नवीन काय सांगतलं?"

पूजानं माझ्याकडे पाहिलं. मला अचानक स्टाफरूममध्ये काम आठवलं.

*

आता सुमनबद्दल सांगायला हवं. सुमन आत्राम. कोलाम पोडावरची मुलगी, पांढरकवड्यापासून जंगलाच्या बाजूला. बारीक, काळीसावळी, वेणी घट्ट. ती बोलत नसे.

मुकी नव्हती. पूजाशी होस्टेलमध्ये दोन-चार शब्द बोलायची म्हणे. पण वर्गात, वॉर्डात, मोठ्या माणसासमोर तोंड उघडत नसे. मी हजेरी घेताना ती हात वर करायची. मी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, तिच्याकडे न पाहता विचारून पाहिलं. काही नाही. मला तर समोरचा गप्प असला की अंगावर मुंग्या चढतात. मी तिच्या वाटचंही बोलून टाकायचो, आणि मग माझाच मला राग यायचा.

पण पाय! तिच्यासारखा पाय वर्गात कोणाचा नव्हता. सहा तुकड्यांचा असो की आठ, एकदा ऐकला की सुमन जिन्यावर चढून यायची आणि जोर जिथल्या तिथे. तिच्या पायाचा आवाज हलका. हमीदभाई ओळखायचे. खालून म्हणायचे, "हे ते न बोलनारी पोरगी."

पूजानं मला एकदा सांगितलं, "सर, तिच्या पोडावर आजवर कोनी सिस्टर नाही झाली. ती मले म्हने, मी झाली तं पह्यले माह्याच लोकायले जाऊन पाहीन, ते दवाखान्यात येऊन कोनाशीच बोलत नाहीत." मी म्हटलं, तू पण तर बोलत नाहीस, तिला सांग. पूजा म्हणाली, "सांगतलं. ती म्हने, म्हनून तं."

*

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतात. टेबलाच्या पलीकडे ते, अलीकडे मुलगी. तोंडी प्रश्न. मी बाहेर व्हरांड्यात फिरत होतो. माझा आत काही संबंध नव्हता, पण घरी बसणं शक्य नव्हतं.

पहिली मुलगी आत गेली. परीक्षकांनी उपकरणाचं नाव विचारलं. तिनं टेबलाखाली पाय हलवले, टप टप टप धाड, आणि मग नाव सांगितलं. दुसरी गेली, तेच. पाचव्या मुलीनंतर परीक्षक बाहेर आले. साधे, घामेजलेले गृहस्थ. गावंडे मॅडमना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मुलींना आधी बाथरूमला जाऊन येऊ द्या. फार ताटकळल्यात बिचाऱ्या."

सगळ्या मुलींना रांगेनं बाथरूमला पाठवलं. परत आल्या, पाय पुन्हा सुरू. मग मला बोलावून खुलासा करायला लावला. परीक्षक खूप हसले.

सुमनची पाळी आली तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. ते प्रेमानं म्हणाले, "चल बेटा, पाय आपट, पण तोंडानं पण सांग." सुमननं पाय आपटले. बरोबर आपटले. तोंड मिटलेलं. त्यांनी पाच प्रश्न विचारले, पाचही वेळा पाय बोलला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तेच हिरमुसले. मला म्हणाले, "सर, मला कळतंय की तिला येतंय. पण पायाला मार्क द्यायचा रकाना नाही हो."

सुमन नापास झाली. मी त्या दिवशी उमरीपर्यंत चालत गेलो आणि चालत आलो. उगाच.

*

दुसऱ्या दिवशी सुमनचे वडील आले. स्वच्छ धुतलेलं धोतर, हातात पिशवी. गावंडे मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं, की सहा महिन्यांनी पुरवणी परीक्षा आहे, त्यात तोंडी द्यावीच लागेल, आणि त्यातही गेली तर नाव कमी होईल. मॅडम वाईट नाहीत. नियम त्यांनी केला नव्हता.

वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी हे मोठ्यायच्या समोर बोलत नाही, तं आमी म्हनतो पोरगी चांगली हाय. इथं त्याच्यानंच नापास होते का?"

मॅडमनी पुरवणीच्या अर्जावर सही केली आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

जाताना ते मुलीशी कोलामीत काहीतरी बोलले. तिनं मान हलवली. पूजाकडून कळलं ते एवढंच, की या खेपेला नाही जमलं तर सामान घेऊन घरी ये, परत पाठवणार नाही.

*

सहा महिने होते माझ्याकडे. मी तिच्या मागेच लागलो. रोज शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं जिना. पूजा सोबतीला. मी म्हटलं, पूर्ण शब्द म्हणू नको, फक्त जोराचा तुकडा म्हण. बाकीचे पायानं.

पंचवीस दिवस काही झालं नाही. मी चढून उतरून गुडघे धरून बसायला लागलो. घरी चिडचिड. बायको म्हणाली, "तुम्हाले गप राहता येत नाही, अन् तिले बोलता येत नाही. वाटनी करताना देवाचं लक्ष नव्हतं."

सव्विसाव्या दिवशी सुमन त्या जुन्याच स्फिग्मोमॅनोमीटरवर चढत होती. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पायरीवर तिच्या तोंडून बारीक आवाज आला, "नॉ."

मी जागेवर थांबलो. मी थांबलो, हेच पूजाला इतकं नवल वाटलं की ती किंचाळली. खालून हमीदभाईंनी टाळ्या वाजवल्या. होस्टेलच्या मुली धावत आल्या, कोणी सुमनला उचललं, कोणी मिठी मारली. मीही मूर्खासारखा भाषण करायला लागलो.

त्यानंतर सुमन आठ दिवस अजिबात बोलली नाही.

चूक माझी होती. नवव्या दिवसापासून मी जिन्याकडे पाठ करून उभा राहू लागलो. हात मागे बांधून, तोंड मिटून. मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. हमीदभाई मशीन चालू ठेवायचे, म्हणजे ऐकून राह्यलो असं वाटू नये. पाठीमागून हळूहळू तुकडे येऊ लागले. आधी एक, मग जोराचा आणि त्याच्या पुढचा. चौथ्या महिन्यात पूर्ण शब्द आला. पण तो माझ्या पाठीला ऐकू आला. समोर वळलो की बंद.

परीक्षेला तर कोणी पाठ करून बसत नाही.

*

ढोले सिस्टरचा किस्सा इथेच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मुली ज्या दवाखान्यात कामाला जातात, तिथल्या बायकांच्या वॉर्डाच्या त्या इनचार्ज. कामाला वाघ. त्यांच्या वॉर्डात लांब शब्द कोणी पूर्ण म्हणत नाही. वेळ नसतो. शब्दाचं पुढचं सोडून द्यायचं आणि शेपूट म्हणायचं. 'एक्टॉमी' म्हणजे काढणं. त्यामुळे तिथे काहीही काढायचं असलं की ती नुसती एक्टॉमी. अनेक असल्या तर एक्टॉम्या. "उद्या तीन एक्टॉम्या हायत, चादरी बदला." "चार नंबरची एक्टॉमी उपाशी ठेवा."

मी एकदा मुलींची हजेरी घ्यायला गेलो असताना हे ऐकलं आणि मला राहवेना. म्हटलं, "सिस्टर, असं कसं? काय काढायचं ते तर पुढच्या तुकड्यात असतं. साखर वाढली तर हायपर, घटली तर हायपो, दोन्ही शब्दांचं मागचं सारखंच, जोरही सारख्याच जागी. पुढचा तुकडा सोडला तर पेशंटला साखर द्यायची की इंजेक्शन, कसं कळणार?"

ढोले सिस्टर एका हातानं सलाईन लावत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "सर, पुढचं डॉक्टरले ठाऊक असते. मागचं आमी करतो. तुम्ही जरा बाजूले व्हा, उजेड येत नाही."

मी बाजूला झालो.

*

पुरवणी परीक्षा त्याच वॉर्डात होती. या वेळी परीक्षक बाई होत्या, नागपूरकडच्या, चष्म्याच्या वरून पाहणाऱ्या. पद्धत अशी, की सकाळी मुलीला एक पेशंट नेमून देतात. तासभर फाईल वाचायची, पेशंटला तपासायचं, आणि मग परीक्षकांपुढे खाटेपाशी उभं राहून पाच प्रश्नांत सगळी केस तोंडी सांगायची. टेबल नाही, त्यामुळे पाय लपवायलाही जागा नाही.

सुमनला सात नंबरची खाट मिळाली. वणीकडची तरुण बाई, लग्नाला तीन वर्षं. पोटात गाठ. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. उशाशी फाईल, आणि भिंतीवरच्या पाटीवर खाट क्रमांकापुढे ढोले सिस्टरच्या अक्षरात नुसतं 'एक्टॉमी'.

मी वॉर्डाच्या दाराशी होतो. तिथे उभं राहायची मला परवानगी नव्हती, पण मला हाकलायलाही कोणाला वेळ नव्हता. सुमन फाईल वाचत होती ते मला दिसत होतं. वाचता वाचता तिनं एक कागद पुढे केला, मग मागचा काढला, मग पुन्हा पुढचा. पुन्हा मागचा. तासाभरात तिनं तेवढंच केलं. म्हटलं, संपलं. हिला पहिला कागदही वाचता येत नाहीये. मी दारातून वॉटर कूलरपर्यंत आणि कूलरपासून दारापर्यंत किती फेऱ्या मारल्या असतील!

परीक्षक बाई खाटेपाशी आल्या. बरोबर गावंडे मॅडम आणि ढोले सिस्टर. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "कोणती शस्त्रक्रिया ठरली आहे?"

सुमन गप्प.

पेशंट बाई उशीला टेकून तिच्याकडे पाहत होती. गावंडे मॅडमनी डोळे मिटले. मग मला पाय दिसला. पाच वेळा, तिसऱ्यावर जोर. जरा थांबून पुन्हा पाच वेळा, तिसऱ्यावर जोर.

परीक्षक बाईंना आमच्या पायांबद्दल कोणीतरी सांगितलेलं असावं. त्या म्हणाल्या, "एकदाच पुरे आहे, दोनदा नको. आता तोंडानं."

सुमननं मान खाली घातली. मला वाटलं, आता ही रडेल. पण ती परीक्षकांकडे वळलीच नाही. खाटेवरच्या बाईकडे वाकली आणि तिला विचारलं, "ताई, तुले लेकरं किती?"

एवढा सलग तिचा आवाज मी पहिल्यांदा समोरून ऐकला. जरा घोगरा होता.

"नाई अजून," बाई म्हणाली. "गाठ काढली का होईन म्हने."

सुमन ताठ उभी राहिली. दोन्ही हातांत एकेक कागद. परीक्षक बाईंकडे पाहून म्हणाली, "मॅडम, दोन कागद हायत. डॉक्टरच्या कागदावर माय-ओ-मेक्-ट-मी." पाच तुकडे, तिसऱ्यावर जोर. "थे गाठीचं हाय. अन् संमतीच्या कागदावर हिस्-ट-रेक्-ट-मी." पुन्हा पाच. "थे लेकराच्या पिशवीचं हाय. मागचं सारखंच हाय दोन्हीचं, म्हनून कोनाले दिसलं नसन. पन पुढचं येगळं हाय. अन् ताईचा अंगठा पिशवीच्या कागदावर हाय."

"कोनती पिशवी?" खाटेवरची बाई उठून बसली. "माही? मले तं गाठ सांगतली होती. माहे मालक बाहीर हायत, त्यायले बोलवा."

परीक्षक बाईंनी दोन्ही कागद घेतले. चष्मा वर केला, खाली केला. मग फाईल उचलली आणि डॉक्टरांना गाठायला ऑपरेशन थिएटरच्या दिशेनं जवळजवळ धावत सुटल्या. गावंडे मॅडम त्यांच्या मागे. ढोले सिस्टर मात्र जागच्या जागी. मग त्या पाटीपाशी गेल्या, सात नंबरपुढची 'एक्टॉमी' तळहातानं पुसली, आणि आठ नंबरची पण पुसली, नऊची पण. उरलेल्या दोन्ही फाइली काखेत मारल्या आणि त्याही गेल्या.

मी आत शिरलो. आता मला कोण अडवणार होतं? पेशंटचा नवरा आला होता, तो पायाशी उभा राहून सारखं "काय झालं, काय झालं" विचारत होता. खाटेवरच्या बाईनं सुमनच्या एप्रनचं टोक मुठीत धरलं होतं, सोडत नव्हती. सुमन हात मागे बांधून, परीक्षेला उभं राहतात तशी उभी होती.

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचेना.

सुमनच बोलली.

"सर, मॅडमले परत बोलवा ना. माहे चार प्रश्न अजून बाकी हायत."